पेपर दाखवला की लगेच मान डोलवू नका, आधी टॅली करून बघा

मागच्या महिन्यात लोकमान्य नगरात अण्णाकाकांकडे गेले तर टेबलावर गुडघेदुखीच्या कॅप्सूलचा डबा, १८०० रुपयांचा, आणि डब्याखाली एका रिसर्च पेपरचं प्रिंटआउट. विकणारा घरी येऊन देऊन गेला होता, काका बघा, जर्नलमध्ये छापून आलंय, ट्रायल झालीय. काकांनी त्या भरवशावर फिजिओथेरपी बंद करून टाकली. मला फार वाईट वाटलं, कारण काका काही भोळे नाहीत, ३४ वर्षं बँकेत कॅश सांभाळलीय, पण छापलेलं इंग्रजी आणि खाली डॉक्टरांची नावं बघितली की आपण सगळेच गप्प होतो.

मी इथे इंदूरला मेडिकल पीजीच्या पोरांच्या थिसिसचं स्टॅटिस्टिक्स करून देते, अकरा वर्षं झाली, पेशंटच्या एक्सेल शीट रोजच डोळ्यासमोर असतात. म्हणून त्या दिवशी काकांना बसवलं आणि पेपर कसा तपासायचा ते दाखवलं. तेच इथे लिहितेय. डॉक्टर असायची गरज नाही, मोबाईल आणि अर्धा तास पुरतो.

सुरुवात जर्नलने पेपर मागे घेतलाय का इथून करा. पेपरचं पूर्ण नाव पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या फुकट साइटवर टाका, मागे घेतलेला असेल तर वरतीच मोठी सूचना दिसते. मग रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या डेटाबेसमध्ये बघा, तो २०२३ पासून क्रॉसरेफ या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि कोणालाही फुकट बघता येतो. हे आधी करायचं कारण असं की पेपर मागे घेतला तरी लोकांच्या डोक्यातून जात नाही. गोवर-गालगुंडाच्या लसीने ऑटिझम होतो म्हणणारा वेकफिल्डचा पेपर लॅन्सेटमध्ये १९९८ ला आला, फक्त १२ मुलांवरचा, आणि मागे घेतला गेला २०१० मध्ये. मध्ये बारा वर्षं गेली. आणि अजूनही आमच्या ओळखीतल्या एका सुनेला तिच्या मैत्रिणीने तोच पेपर पाठवला होता, लस देऊ नको म्हणून.

मग जर्नल बघा. यात फार वेळ घालवू नका पण दोन-तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर आहे म्हणजे चांगलं जर्नल असं अजिबात नाही, तो नुसता नंबर आहे, कोणालाही मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या पेपरांचा इतर पेपरांत किती उल्लेख होतो त्याचा आकडा, खरा तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीतला, बाकी ग्लोबल, युनिव्हर्सल असलं काही पुढे जोडलेलं असेल तर सोडून द्या. पेपरच्या पहिल्या पानावर कधी मिळाला आणि कधी स्वीकारला या तारखा असतात त्या बघा, चार दिवसात स्वीकारला असेल तर कोणी वाचलाच नाही असं समजा. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचा धंदा आपल्याकडे मोठा आहे, हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ ला केस केली आणि २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली. पण नाव मोठं म्हणून निर्धास्तही राहू नका. हिंदावी ही जुनी, जगभर वाचली जाणारी प्रकाशन कंपनी, वायलीने विकत घेतलेली, तिच्या जर्नल्समधून एकट्या २०२३ मध्ये ८ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले, त्यातले पुष्कळ पेपर मिलचे, म्हणजे ऑर्डर देऊन बनवून घेतलेले.

असा बनवलेला पेपर कधीकधी भाषेवरून कळतो. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायला शब्द बदलतात, मग ब्रेस्ट कॅन्सरचं बूझम पेरिल होतं, किडनी फेल्युअरचं किडनी डिसअपॉइंटमेंट. फ्रान्सचे संशोधक गियोम कबानाक यांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०२१ पासून असे शब्द गोळा करून हजारो पेपर शोधून काढले. आजाराचं नाव कोणत्याच डॉक्टरच्या तोंडी नसलेल्या शब्दात दिसलं की थांबा.

आता सीटीआरआय, म्हणजे ट्रायलची सरकारी नोंदवही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लोकांना माहीतच नसतं. आपल्या देशात औषधाची ट्रायल करायची तर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये नोंद करावी लागते, २००७ ला सुरू झाली, २००९ पासून सक्तीची, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद झाली पाहिजे असा नियम आहे. पेपरमध्ये सीटीआरआय, वर्ष, महिना आणि पुढे आकडा असा नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकला की सगळं उघडतं, किती पेशंट घेणार होते, काय मोजणार होते, एथिक्स कमिटी कोणती. काकांच्या पेपरमध्ये नंबर होता. उघडलं तर तिथे १०० पेशंट घेणार असं लिहिलेलं आणि मुख्य मोजमाप होतं सहा महिन्यांनी सहा मिनिटांत किती चालता येतं ते. पेपरच्या टेबलात पेशंट ४८, आणि चालण्याचा शब्दच नाही, नुसता दुखण्याचा स्कोर. म्हणजे चालण्यात फरक पडला नसेल तर ते सांगितलंच नाही, जे बरं दिसलं ते छापलं. निकाल बघून मोजमाप बदलणं हे आकडे खोटे लिहिण्याइतकंच वाईट आहे असं माझं मत आहे, कारण एकेक आकडा खरा असूनही पेशंट फसतो.

नोंदणीबद्दल इंदूरच्या माणसाने तर जास्तच जागरूक असायला हवं. आपल्या शहरात पेशंटना नीट न सांगता ड्रग ट्रायल केल्याच्या आरोपांचा विषय किती तापला होता आठवत असेल, इथल्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेची २०१२ ची याचिका सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये कोर्टाने पेशंटच्या संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला सांगितलं. पेपरमधला प्रत्येक आकडा म्हणजे कोणीतरी ओपीडीच्या रांगेत उभं राहून अंगठा किंवा सही दिलेला माणूस असतो, हे मी थिसिसच्या पोरांना दरवेळी सांगते.

यानंतर बेरीज-वजाबाकी, आणि इथे काका खुर्ची पुढे ओढून बसले.

पहिल्या पानावर लिहिलेलं ६० पेशंट घेतले. टेबलात दोन गट, २४ आणि २४. काकांनी विचारलं, "अगं, बारा माणसं गेली कुठे?" पूर्ण पेपर चाळला, कुठेच नाही. सोडून गेले, त्रास झाला, मधेच कॅप्सूल बंद केली, काय ते लिहायला हवं ना. मग तारखा लावल्या. पेशंट घेतले जानेवारी ते मार्च, प्रत्येकाला सहा महिने बघितलं असं म्हणतात, आणि जर्नलला पेपर पोचला त्याच वर्षीच्या जुलैमध्ये. मार्चमध्ये आलेल्या पेशंटचे सहा महिने सप्टेंबरात पूर्ण होतात. काका काहीच बोलले नाहीत, नुसतं पेन काढलं आणि लाइटच्या बिलाच्या पाठीमागे आकडे मांडायला घेतले.

मग टेबलात होतं की कॅप्सूलच्या गटात ६५ टक्क्यांना आराम पडला. २४ चे ६५ टक्के म्हणजे १५.६ माणसं. १५ धरली तर ६२.५ टक्के, १६ धरली तर ६६.७. चोवीस जणांत ६५ टक्के कसेही करा येत नाहीत. आणि सरासरीचंही तसंच तपासता येतं, याला ग्रिम टेस्ट म्हणतात, निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या संशोधकांनी काढलेली, गणित चौथीचं. दुखण्याचा स्कोर ० ते १० मध्ये पूर्ण आकड्यात विचारला होता, सरासरी दिलेली ६.३५. पूर्ण आकड्यांची बेरीज पूर्णच येणार. ६.३५ गुणिले २४ म्हणजे १५२.४. बेरीज १५२ असेल तर सरासरी ६.३३ येते, १५३ असेल तर ६.३८. मधली ६.३५ येऊच शकत नाही. काकांनी तीनदा भागाकार केला आणि म्हणाले, "हे टॅली होत नाहीये. आमच्याकडे असं झालं असतं तर कोणी घरी गेलं नसतं."

एक लक्षात ठेवा, ही युक्ती पूर्ण आकड्यांतल्या स्कोरवर आणि लहान गटावरच चालते. पेशंट शंभराच्या वर गेले की दोन दशांशांवरून काही कळत नाही, आणि स्कोर पट्टीवर मिलीमीटरमध्ये मोजला असेल तरी हिशेब बदलतो, म्हणून मेथड्समध्ये, म्हणजे पेपरच्या पद्धतीच्या भागात, स्कोर कसा घेतला ते आधी वाचा. एखादा आकडा चुकला तर टायपिंगची चूकही असू शकते. इथे सहा सरासऱ्यांपैकी चार बसत नव्हत्या.

असल्या साध्या टॅलीने जगातली मोठी प्रकरणं उघडकीला आलीत. मे २०२० मध्ये लॅन्सेटला कोविडसाठीच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावर पेपर आला, ६७१ हॉस्पिटलं, ९६ हजारांवर पेशंट, डेटा सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीचा. त्याच्यामुळे डब्ल्यूएचओने आपल्या ट्रायलचा तो भाग थांबवला. त्या पेपरमध्ये ऑस्ट्रेलियातले कोविडचे मृत्यू ७३ धरलेले आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशातच ६७ झाले होते. मूळ डेटा तपासायला दिला नाही आणि दोन आठवड्यांत पेपर मागे गेला. कोविडसाठीच वापरलेल्या आयव्हरमेक्टिन या औषधाचा इजिप्तमधला पेपर लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने पकडला, त्याच्या डेटात काही पेशंट अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारलेले होते. पेपर जुलै २०२१ मध्ये काढून टाकला.

शेवटचं पान पण वाचा, पैसे कोणी दिले तिथे लिहिलेलं असतं. कंपनीने पैसे दिले म्हणून पेपर खोटा ठरत नाही, पण लेखकांपैकी कोणी कंपनीत नोकरीला असेल आणि आमचा कुठलाही आर्थिक हितसंबंध नाही असं छापलं असेल तर ते वाईट लक्षण.

पीजीच्या पोरांनो, तुम्हाला दोन शब्द वेगळे. प्रमोशनला पेपर लागतो हे मला माहितीय. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला मेल आला, तयार पेपरवर तिसऱ्या नंबरची लेखक व्हा, इतके हजार भरा, आणि ती रडकुंडीला आली कारण बॅचच्या दोघांनी भरले होते. भरू नका. ते नाव तुमच्या अंगाला कायमचं चिकटतं. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल आता स्वतःच पारखावं लागतं, आणि डीओएजे ही फुकट वाचता येणाऱ्या जर्नल्सची यादी, लायब्ररीयन आणि दोन प्रामाणिक सिनियर एवढी मदत पुरते. तुमची मास्टर शीट, म्हणजे सगळ्या पेशंटची मूळ एक्सेल, तारखेसकट जपून ठेवा, कोणी मागितली तर पाच मिनिटांत काढून देता आली पाहिजे.

आणि गडबड सापडली तर काय करायचं. औषध आपल्या मनाने चालू-बंद करायचं नाही, प्रिंटआउट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जायचं. पबपिअर या पेपरांवर चर्चा होणाऱ्या साइटवर तो पेपर शोधून शंका लिहिता येते, नाव न देताही. आणि जर्नलच्या एडिटरला मेल करायचा, फ्रॉड हा शब्द चुकूनही वापरायचा नाही, फक्त आकडे. काकांनी पाठवला त्याचा मजकूर असा होता, इंग्रजीत: टेबल २, पहिला गट, पेशंट २४, स्कोर पूर्ण आकड्यांत घेतल्याचं मेथड्समध्ये लिहिलंय, दिलेली सरासरी ६.३५ या संख्येने येत नाही, तसंच घेतलेल्या ६० पैकी १२ पेशंटचा उल्लेख नाही, कृपया लेखकांकडून मूळ शीट मागवून तपासावी. खाली नाव, आणि नावाखाली निवृत्त हेड कॅशियर. सोबत लाइटच्या बिलामागच्या हिशेबाचा फोटो लावला. सोमवारपासून त्यांची फिजिओथेरपी परत सुरू आहे, सकाळी साडेनऊची वेळ मिळालीय.