नर्व्हची केस ग्रुपवर टाकण्याआधी

मायक्रोसर्जरीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नर्व्ह, रक्तवाहिन्या जोडणाऱ्या) डॉक्टरांच्या ग्रुपवर नर्व्हच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, इजेची केस टाकताना फोटोच्याही आधी लिहा, इजा होऊन किती महिने झाले. "गाडीवरून पडला, डावा हात उचलत नाही, सल्ला द्या" एवढ्यावर सल्ला देता येत नाही. तरीही लोक देतात आणि नवीन सर्जन तो मनावर घेतात. मला याची खरोखर काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. इकडे नर्व्ह तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा कामातून जातो. सगळं गणित या दोन आकड्यांत आहे. सी५-सी६ ची, म्हणजे मानेतून हाताकडे येणाऱ्या नर्व्हच्या मुळांची, इजा चौथ्या महिन्यात आली, तर ओबर्लिन ट्रान्सफरचा विचार होतो. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत. अल्नर नर्व्हमधला (ही करंगळीच्या बाजूने हातात जाते) एक फॅसिकल, म्हणजे तंतूंचा जुडगा, बायसेप्सच्या (कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या स्नायूच्या) फांदीला जोडायचा, म्हणजे वाढीचं अंतर अगदी कमी उरतं. तोच पेशंट सोळाव्या महिन्यात आला तर बायसेप्स स्वीकारायलाच शिल्लक नसतो, मग मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू आणायची भाषा करावी लागते. फोटोत दोघांचे हात सारखेच लोंबकळताना दिसतात.

म्हणून वेळेच्या खाली तपासणी लिहा, स्नायूगणिक, ० (हालचालच नाही) ते ५ (पूर्ण ताकद) या एमआरसी ग्रेडमध्ये. डेल्टॉइड (खांद्याचा), बायसेप्स लिहिता तसं ट्रायसेप्स (दंडामागचा), ट्रॅपिझियस (मान-खांद्याचा) आणि एफसीयूही (मनगट करंगळीच्या बाजूने वाकवणारा) लिहा, कारण उधार घ्यायची नर्व्ह ज्या स्नायूची आहे तो धडधाकट हवा. टिनेल साइन (नर्व्हवर टिचकी मारल्यावर येणाऱ्या झिणझिण्या) "पॉझिटिव्ह" एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या हाडापासून किती सेंटिमीटरवर झिणझिण्या येतात ते मोजा, महिन्याने पुन्हा मोजा. पुढे सरकलं असेल तर नर्व्ह वाढतेय. इजा बंद (वरून त्वचा न कापलेली) आहे की काचेने कापलेली, हेही पहिल्या दोन ओळींत हवं. "तीन महिने वाट पाहा" हा सल्ला बंद इजेचा आहे. मनगट काचेने कापलंय आणि करंगळी बधिर आहे, तर वाट कसली पाहायची? ती जखम उघडून नर्व्ह बघायचीच.

आणि प्रश्नाच्या आधी स्वतःचा बेत लिहा: मी हे करणार आहे, या कारणासाठी. हे मी माझ्या रेसिडेंट्सकडून आग्रहाने करून घेते. बेत न लिहिता विचारलं की पहिलं मोठं नाव जे म्हणेल तिकडे सगळा ग्रुप झुकतो, आणि त्याबरोबर तुम्हीही.

फ्लॅपचा, म्हणजे दुसरीकडून आणून रक्तवाहिन्या जोडलेल्या त्वचा-मांसाच्या तुकड्याचा, फोटो टाकणार असाल तर मोबाइलवर भरवसा ठेवू नका. वॉर्डातल्या पिवळट उजेडात कॅमेरा आपल्या मनाने रंग दुरुस्त करतो आणि व्हेन (रक्त परत नेणारी शीर) तुंबून जांभळा पडू लागलेला फ्लॅप गुलाबी दिसतो. शेजारची निरोगी त्वचा आणि पांढऱ्या गॉजचा तुकडा त्याच फ्रेममध्ये घ्या. बोटाने दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परत येतो याचा छोटा व्हिडिओ घ्या. झपकन आला आणि सुई टोचल्यावर काळसर रक्त आलं तर व्हेनचा घोटाळा आहे. पण असं दिसलं की ग्रुप बंद करा आणि ओटीला (ऑपरेशन थिएटरला) फोन करा. उत्तराची वाट पाहण्यात जाणारा प्रत्येक तास फ्लॅपच्या जिवावर येतो. कडबाकुट्टीत तुटलेल्या बोटाचंही तेच. पाठवणाऱ्या डॉक्टरला फोनवर सांगा: सलाइनने ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घाला, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, बोट थेट बर्फावर नको.

पेशंटची लेखी संमती त्याच्या भाषेत घ्या, "तुमचा फोटो इतर डॉक्टर बघतील" हे तोंडी समजावून. चेहरा झाकला म्हणजे झालं असं नाही. आपल्याकडे हातावर नाव गोंदलेलं असतं, एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव-वय असतं. फोटो स्पष्ट राहावा म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ठिकाणाची माहितीही त्याच्यासोबत जाते, तेव्हा कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद ठेवा. सल्ला कुणीही दिला तरी जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरचीच, हे २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे.

उत्तरं वाचताना सोबत आलेले व्हिडिओ दोनदा पाहा. कोपर वाकलेलं दिसतं, पण पेशंटने मूठ आवळलीय का, मनगट आत वळवलंय का? मग बायसेप्स नाही, कोपराखालच्या हाताचे फ्लेक्सर (मनगट-बोटं वाकवणारे स्नायू) कोपर ओढताहेत. याला स्टाइन्डलर इफेक्ट म्हणतात. बायसेप्सवर तपासणाऱ्याचं बोट आहे का बघा. नसेल तर त्या सर्जनला खासगीत विचारा: ऑपरेशननंतर कितव्या महिन्याचा व्हिडिओ, आणि ज्या पेशंटना जमलं नाही त्यांच्यात काय झालं? अनुभवी माणूस याचं उत्तर आनंदाने देतो, आणि तेच सगळ्यात उपयोगी असतं, कारण फसलेल्या केसेस आपणहून कुणी टाकत नाही.

तुम्ही टाका. सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्याची ग्रेड त्याच पोस्टखाली लिहा. बायसेप्स २ वरच अडकला असेल तरी लिहा, सोबत वय, इजा ते ऑपरेशन किती महिने गेले आणि ग्राफ्ट (मधली फट भरणारा नर्व्हचा तुकडा) घातला असल्यास किती सेंटिमीटर, हेही.