पाकट पाळायचंय? मग फिल्टर असा निवडा

मुंबईत समुद्री टाक्या बसवून देणं आणि सांभाळणं हा माझा धंदा. पाकट (स्टिंगरे) पाळायची हौस असलेला माणूस हमखास विचारतो, "किती लिटरचा फिल्टर घेऊ?" मी उलट विचारतो, रोज खायला किती घालणार? फिल्टर निवडायचा तो खाण्याच्या हिशेबाने.

पाकट कोळंबी-माकूळ हाणतं आणि निम्मा चुरा वाळूवर सांडतं. शिवाय त्याच्या अंगातलं बहुतेक नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर पडतं. अमोनियाच्या टेस्ट किटला युरिया दिसत नाही, जिवाणूंनी तो फोडला की मगच अमोनिया दिसतो. त्यामुळे खायला घातल्यावर लगेच आलेल्या शून्यावर भुलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तपासा.

निळ्या ठिपक्यांच्या मास्क-रेचं उदाहरण घेऊ. पूर्ण वाढीला त्याची चकती चाळीसेक सेंटिमीटर भरते. आठ बाय चार फुटांचा तळ आणि दोन फूट पाणी धरलं तर साधारण 1,800 लिटर होतात. याला कॅनिस्टर हा मुख्य फिल्टर म्हणून नकोच. वीज गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, घाण फोडणारे जिवाणू मरायला लागतात आणि वीज आली की ते नासलेलं पाणी थेट टाकीत येतं. उघडा संप, म्हणजे मुख्य टाकीच्या खाली ठेवायची फिल्टरची टाकी घ्या, निदान 400 लिटरची. तीही काठोकाठ भरायची नाही. पंप बंद पडला की वरचं पाणी खाली उतरतं, आणि या टाकीत एक इंच उतरलं तरी 75 लिटर होतात. तेवढी जागा संपात रिकामी नसेल तर खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात.

हात आखडता घ्यायचाच असेल तर तो लाइटवर घ्या, प्रोटीन स्किमरवर नाही. बाकीचे फिल्टर घाण रिचवतात. स्किमर ती कुजायच्या आत फेसातून बाहेर काढतो. खोक्यावरचा लिटरचा मोठा आकडा बहुधा हलक्या भाराचा, म्हणजे कमी घाण होणाऱ्या टाकीचा असतो. 'जास्त भार' लिहिलेला आकडा बघा, तो 1,800 च्या बराच वर हवा. संपात पाणी उतरतं तिथे फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) लावा आणि दोन-तीन दिवसांनी बदला. अडकलेली कोळंबी तिथेच कुजली तर सॉक असून नसल्यासारखा. जिवाणूंना राहायला हवेवर घुसळत राहणारा प्लास्टिक मीडिया मला सिरॅमिक रिंगांपेक्षा बरा वाटतो, कारण त्यात गाळ साचत नाही. हे जिवाणू पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरायची ताकद, खातात, तेव्हा पीएच घसरायला लागला की केएच (अल्कलिनिटीचं माप) मोजा.

संपातलं पाणी परत टाकीत चढवणारा रिटर्न पंप तासाला नऊ-दहा हजार लिटर देणारा हवा, पण वर चढवताना घटणारा प्रवाह वजा करून. पाणी ओढणाऱ्या प्रत्येक तोंडाला रुंद जाळी लावा. हीटर टाकीत ठेवू नका, पाकट त्यावर बसून भाजून घेतं. मुंबईत तशी गरज पाणी थंड करणाऱ्या चिलरचीच. कॉइल टायटॅनियमची आहे ना, हे दुकानदाराकडून वदवून घ्या. तांबं पाकटाला विष आहे. तांब्याची औषधंही त्यामुळे बाद, आणि म्हणून यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावलेला बरा. पाण्यात तरंगणाऱ्या परजीवींना तो आळा घालतो.

ओझोन मी घरच्या टाकीला सहसा लावत नाही. पाणी चकाचक दिसतं, पण पाकटाला लागणारं आयोडाइड ओझोनने आयोडेटमध्ये बदलतं आणि ते त्याच्या उपयोगाचं राहत नाही. नायट्रेट वाढलं तरी थायरॉइडला आयोडीन कमी मिळतं आणि गळ्याखाली गलगंड येतो. नायट्रेट उतरवायला पाणी बदलण्याइतका भरवशाचा उपाय नाही, म्हणून तयार खारं पाणी साठवायचा पिंपही याच बजेटात धरा.

इन्व्हर्टर लहान असेल तर त्यावर आधी एअर पंप, मग रिटर्न. चिलर थांबला तरी काही वेळ चालतं.

सगळं जोडल्यावर जिवाणू वाढावेत म्हणून रिकामी टाकी अमोनियम क्लोराइड घालून चालवा. 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दाखवलं, की मग पाकट बघायला निघा. विक्रेत्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.