भाकरी अर्धी, फोडी दुप्पट: कर्बोदकं कमी आणि प्रथिनं जास्त असलेला आहार कसा सुरू करावा

कोल्हापूरचं जेवण म्हटलं की मटण डोळ्यांसमोर येतं. त्यामुळं आपण प्रथिनं भरपूर खातो, असं इथं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. आईची शुगर वाढली तेव्हा घरच्या ताटाचा हिशोब मांडला आणि लक्षात आलं की मटण बुधवारी आणि रविवारी. बाकीचे पाच दिवस पोहे, भाकरी, भात, पातळ आमटी आणि गोड चहा. मटणाच्या दिवशीसुद्धा वाटीत चार फोडी, आणि रश्शाच्या जोरावर तीन भाकऱ्या.

आधी डॉक्टर, मग स्वयंपाकघर

ही पायरी ओलांडून पुढं जाऊ नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि भाकरी-भात एकदम निम्म्यावर आणला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात. त्यामुळं औषधाचा डोस आधी ठरवून घ्यायचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडूच नयेत, कारण साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही बोलून घ्या. किडनीचा आजार असेल तर प्रथिनं मनानं वाढवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा प्रयोग टाळावा.

तीन दिवस वही

काही बदलू नका, फक्त लिहा. एका ज्वारीच्या भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं, त्यात 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. वाटीभर भातात तेवढीच. पोह्यांच्या बशीत 45, दोन चमचे साखरेच्या चहात 10. दोन वेळेला दोन-दोन भाकऱ्या, वाटी-वाटी भात, सकाळचे पोहे आणि चार चहा धरले, तर बेरीज 320-330 ग्रॅमवर जाते. भाजी, आमटी, फळं वेगळीच.

दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार, असं सर्वसाधारणपणे धरतात. कीटो नावाच्या कडक आहारात ती 20 ते 50 ग्रॅमवर आणतात; सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रथिनांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस दर किलो वजनामागं 0.83 ग्रॅम आहे. या आहारात 1 ते 1.2 ग्रॅम धरा. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 65 ते 78 ग्रॅम.

पहिला आठवडा: फक्त गोड पेय बंद

चहातली साखर रोज अर्धा चमचा कमी करत न्या. उसाचा रस सोडा. एका मोठ्या ग्लासात 30 ग्रॅमहून जास्त साखर असते. आणि गूळ. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, गुऱ्हाळावरच्या काकवीची आठवण आली तरी तोंडाला पाणी सुटतं. पण गूळ ही बहुतांशी साखरच आहे. ‘साखर बंद केली, गुळाचा चहा घेतो’ असं सांगणारे कितीतरी जण भेटतात. रक्तातली साखर त्यांना सवलत देत नाही.

दुसरा आठवडा: न्याहारी

सकाळी प्रथिनं पोटात गेली की अकरा वाजताची भूक लागत नाही. दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट कांदा-कोथिंबीर घालून. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं. अंडी न खाणाऱ्या जैन-लिंगायत घरांत मूगडाळीचं धिरडं आणि त्यात किसलेलं पनीर. मिसळ सोडवत नसेल तर घरी करा: मटकी दुप्पट, कट हवा तेवढा झणझणीत, वर कांदा-लिंबू. फरसाण चिमूटभर, ब्रेडच्या स्लाइस नाहीत.

तिसऱ्या आठवड्यापासून ताट

खरं काम इथं आहे. आई म्हणाली होती, “भाकरी मोडल्याबिगर जेवल्यागत वाटत न्हाई बघ.” तिचं खरंच आहे, म्हणून भाकरी बंद केली नाही. पिठाचा गोळा लहान केला. दुपारी एक लहान भाकरी, रात्री अर्धी, भात बंद केला. ‘ज्वारी शुगरला चालते’ म्हणून चार भाकऱ्या खाण्यात अर्थ नाही, ज्वारीच्या पिठातही 70 टक्क्यांच्या आसपास कर्बोदकंच असतात.

ताट वाढण्याचा क्रमही बदला. आधी अर्धं ताट पालेभाजी, वांगं, दोडका, कोबी, काकडी यांनी भरा. मग प्रथिनांचा पदार्थ, तोही तळहाताएवढा. भाकरी सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत.

मांसाहार असेल तर फोडी मोजा. तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही चालतात, कर्बोदकं त्यांत थोडीच. पण नुसता रस्सा ओरपून प्रथिनं मिळत नाहीत, ती फोडींत असतात. खानावळीत गेलात तर ‘भात नको, सुकं जादा द्या’ एवढं सांगायचं. रोज मटण मात्र नको. चरबी वाढते, खिसाही रिकामा होतो. चिकन, मासे, अंडी आलटून-पालटून घ्या.

शाकाहारी ताटाला जास्त विचार लागतो, कारण डाळीत प्रथिनांबरोबर कर्बोदकंही येतात. वाटीभर घट्ट वरणात 7-8 ग्रॅम प्रथिनं आणि 20 ग्रॅमच्या घरात कर्बोदकं. म्हणून वरणाला सोबत हवी. शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं. सोयाबीनच्या 30 ग्रॅम कोरड्या वड्यांत 15. त्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, खोबरं-लसूण-कांद्याच्या वाटणात परता, मग त्यांचा वास राहत नाही. डेअरीतला चक्का साखर न घालता, जिरं-मीठ लावून खाऊन बघा. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे. भडंगाला मात्र हात लावायचा नाही. मूठभरावर कुणीच थांबत नाही.

कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं म्हशीचं दूध? घरी आणून, उकळून, दिवसाला एक ग्लास, बिनसाखरेचं. त्यात 10 ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण दुधाची स्वतःची साखरही 12 ग्रॅम असते. तालमीतल्या पैलवानाचा खुराक बघून लिटरनं दूध आणि बदामाची थंडाई सुरू करू नका. तो पहाटे उठून जोर-बैठका काढतो, लाल मातीत घाम गाळतो. खुर्चीवर बसणाऱ्याला ते पचणार नाही.

पहिले पंधरा दिवस अंग काय सांगतं

डोकं जड होतं, थकवा येतो, कधी पायात गोळे येतात. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या राखीव साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. तो साठा संपतो तसं पाणी आणि मीठही लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन किलो कमी दिसले तर ते बहुतेक पाणीच, म्हणून तेवढ्यावर हुरळू नका. मीठ घातलेलं पातळ ताक घ्या (रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून). पोट साफ होत नसेल तर तुम्ही भाजी कमी खाताय.

जत्रा, लग्न, पुरणपोळी ही येणारच. त्या दिवशी एक पोळी तुपाबरोबर खा आणि दुसऱ्या सकाळी परत अंड्यावर या.

तीन महिन्यांनी एचबीए1सी (आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम) तपासा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं तर भाकरी वाढवू नका. मटण, तूप आणि खोबरं कमी करून त्या जागी मासे, सोया, शेंगदाणे आणा, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि पुन्हा तीन महिन्यांनी तपासा.