कामांची यादी संपत का नाही? आधी वेळ मोजा, मग दिवस आखा

‘बँकेतला पत्ता बदलणे : १० मिनिटं.’ माझ्या वहीतल्या एका जुन्या पानावरची ही ओळ. तिच्यापुढे वेगळ्या शाईत लिहिलंय : ५५. पासवर्ड आठवेना, तो बदलण्यात बारा मिनिटं गेली. पत्त्याचा पुरावा स्कॅन केला, तर फाइल मोठी असल्यामुळे चढेना. ती लहान करेपर्यंत लॉगिनची मुदत संपली आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला. बँकेचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी फक्त फॉर्म भरायचा वेळ धरला होता, फॉर्मपर्यंत पोचायचा धरलाच नव्हता.

वेळेचं नियोजन म्हटलं की आपण लगेच यादी करायला बसतो. वहीच्या पानावर पंचवीस कामं सहज मावतात. दिवसात मावतील की नाही, हे पान सांगत नाही. रात्री अठरा कामं तशीच उरली की आपण आळशी आहोत असं वाटायला लागतं. बहुतेक वेळा आळसाचा काही संबंध नसतो, पाणी अंदाजात मुरत असतं.

ही चूक एकट्यादुकट्याची नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये तिला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. पुढे १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज साधारण ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त. गंमत म्हणजे ‘सगळंच बिनसलं तर किती लागतील?’ याचंही त्यांनी दिलेलं उत्तर ४९च्या आतच होतं. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून करायची.

१. तीन दिवस फक्त नोंद ठेवा

साधी वही घ्या आणि चार रकाने आखा : काम, अंदाज, सुरू, संपलं. अॅप चालेल, पण अॅप शोधण्यातच एक संध्याकाळ जाते, स्वानुभवाने सांगतो. काम हातात घेण्याआधी अंदाज लिहायचा. नंतर लिहिलेला अंदाज नेमका खऱ्या वेळेच्या आसपास येतो, आणि मग सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

मध्ये फोन आला, कुणी हाक मारली, तर घड्याळ थांबवू नका. आपल्याला काम ‘खरं तर’ किती वेळाचं आहे ते नको आहे, तुमच्या घरात, तुमच्या ऑफिसात ते कितीला पडतं ते हवंय. दिवस नेहमीसारखे निवडा. प्रवासाचा किंवा पाहुण्यांचा दिवस नको. आणि या तीन दिवसांत स्वतःला सुधारायला जाऊ नका. सुधारलेल्या दिवसांची नोंद काही कामाची नसते.

२. तुमचा आकडा काढा

तीन दिवसांच्या अंदाजांची बेरीज करा, खऱ्या वेळेची वेगळी करा, आणि दुसरीला पहिलीने भागा. समजा अंदाज २४० मिनिटांचा होता आणि लागली ३८४, तर तुमचा आकडा १.६. इथून पुढे मनात ‘अर्धा तास’ आला की कागदावर ५० मिनिटं लिहायची.

जमलं तर हा आकडा कामाच्या प्रकारानुसार वेगळा काढा. माझा भांडी-कपडे-आवराआवर यांचा आकडा जवळपास १ आहे, कारण ती कामं शेकडो वेळा केलेली आहेत. लिखाणाचा २च्या वर जातो. ऑनलाइन फॉर्मबद्दल वर लिहिलंच आहे.

३. दिवसात खरोखर किती जागा आहे ते पाहा

हे गणित करायला लोक टाळतात, कारण उत्तर आवडत नाही. झोपेचे ८ तास काढले की १६ उरतात. नोकरीचे ९, जाण्यायेण्याचा दीड, अंघोळ-जेवण-घरकामाचे ३. उरले अडीच तास. त्यातही थोडी मोकळीक लागतेच, कारण काही ना काही उपटतं. म्हणजे स्वतःच्या कामांसाठी दीड-पावणेदोन तास. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पंचवीस कामं त्यात बसवता येणार नाहीत, एवढं नक्की.

आता कामं यादीतून उचलून कॅलेंडरवर ठेवा. ‘संध्याकाळी करू’ नको, ‘७.१० ते ८, विम्याचे कागद, जेवणाच्या टेबलावर’ असं लिहा. वेळ पक्की ठरत नसेल तर काम एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा : ‘मूल झोपलं की दिवा मालवून लगेच हिशेब’. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा बेतांवर बरंच संशोधन केलं. नुसत्या इच्छेपेक्षा असे बेत जास्त तडीस जातात, असं त्यातून दिसलं.

४. जे मावत नाही ते आजच बाजूला काढा

तातडीचं आणि महत्त्वाचं अशा चार चौकोनांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. त्याला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव चिकटलंय. त्यांनी १९५४च्या एका भाषणात हा भेद सांगितला, तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षाचं म्हणणं म्हणून. तक्ता वाईट नाही, पण माझं तरी होतं असं की सगळंच ‘तातडीचं आणि महत्त्वाचं’ या चौकोनात जाऊन बसतं. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारतो : हे आज झालं नाही तर उद्या नक्की काय बिघडेल? नाव घेऊन सांगण्याजोगं काही सुचलं नाही, तर ते काम ‘आज नाही’ नावाच्या पानावर जातं.

५. मध्येच उठावं लागलं तर एक ओळ लिहून उठा

या लेखातलं एकच काही करून पाहणार असाल, तर हे करा. एका कामातून दुसऱ्यात शिरलं तरी मन काही काळ पहिल्यातच रेंगाळतं. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९मध्ये यालाच ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हटलं. दिवसभर अशा उड्या मारल्या की एक ना धड भाराभर चिंध्या.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. उठण्यापूर्वी लिहा : ‘तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आलो, पुढे खर्चाचा तक्ता, मार्चची पावती निळ्या फाइलीत.’ पंधरा सेकंद लागतात. परत आल्यावर ‘कुठे होतो बरं?’ यात जाणारी दहा मिनिटं वाचतात, आणि दुसरं काम करताना पहिलं डोक्यात घोळत राहत नाही.

किरकोळ कामं, म्हणजे मेसेजना उत्तरं, बिलं, दोन फोन, एकाच वेळी उरकून टाका. दिवसातून दोनदा पुरतं. त्या वेळेखेरीज फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून शेजारी ठेवल्याने माझ्या बाबतीत तरी काही फरक पडला नाही.

टायमर लावावा का?

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत स्वतःसाठी काढली. त्यांच्याकडचं स्वयंपाकघरातलं टायमर टोमॅटोच्या आकाराचं होतं, म्हणून इटालियनमधला टोमॅटो, ‘पोमोदोरो’, हेच नाव पडलं. चालढकल होत असेल तर ती उत्तम. २५ मिनिटं कुणालाही झेपतात. लिखाणाला मात्र मला ती तोकडी वाटते, सूर लागतो न लागतो तोच घंटा वाजते. तिथे मी ५० मिनिटं लावतो.

घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर सलग ५० मिनिटं ही चैनच. अशांनी तुकड्यांची यादी वेगळी ठेवावी : दहा मिनिटांत पूर्ण होतील आणि मध्येच सोडली तरी बिघडणार नाहीत, एवढीच कामं त्यात. मोठ्या कामासाठी आठवड्यातून एकदा कुणाला तरी तासभर घर सांभाळायला सांगा, आणि तो तास आवराआवरीत घालवू नका.

६. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं

वही उघडा आणि तिसऱ्यांदा पुढे ढकललेली कामं शोधा. अशा कामांचे तीनच मार्ग : छोटं करा, दुसऱ्याला द्या, नाहीतर खोडा. ‘कपाट आवरणे’ होत नाही. ‘खालच्या कप्प्यातले कागद खोक्यात काढणे’ होतं. माझ्याकडे ‘जुने फोटो वर्षांप्रमाणे लावणे’ ही ओळ आठ आठवडे पानापानावरून पुढे सरकत होती. नवव्या आठवड्यात ती खोडली. घरात अजून कुणी विचारलेलं नाही.