घरी सॉफ्ट ल्युअर ओतताय? या चुका टाळा

सॉफ्ट ल्युअर म्हणजे मासे पकडण्यासाठी गळाला लावायचं मऊ प्लास्टिकचं नकली आमिष. ते साच्यात ओतताना शेपटी अर्धवट भरली, पोटावर खड्डा पडला, रंग मळकट आला, की पहिला संशय साच्यावर जातो. बहुतेक वेळा साचा निर्दोष असतो. प्लास्टिक पुरेसं तापलेलं नसतं किंवा गरजेपेक्षा जास्त तापलेलं असतं. नवा साचा घेण्याआधी थर्मामीटर घ्या.

हाताला लागेल ते प्लास्टिक वितळवणं

मऊ ल्युअरसाठी लागतं प्लास्टिसोल, म्हणजे प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळलेली पीव्हीसीची बारीक पावडर. बाटल्या, पिशव्या, पाइपचे तुकडे यांचं मऊ ल्युअर होत नाही. पाइप पीव्हीसीचाच असला तरी त्यात हा द्रव नसतो, त्यामुळे ओतण्याइतका पातळ होण्याआधीच तो करपून धूर सोडतो.

फाटलेले जुने ल्युअर मात्र पुन्हा वितळवता येतात. आधी गळ, शिसं, तार काढून टाका. ल्युअर धुतले असतील तर पूर्ण वाळवा आणि रंगानुसार वेगळे करा, नाहीतर शेवटी सगळं चिखलाच्या रंगाचं होतं. अतिशय ताणले जाणारे काही ल्युअर टीपीई नावाच्या वेगळ्या प्लास्टिकचे असतात. ते पीव्हीसीत मिसळू नका.

बाटली न ढवळता ओतणं

प्लास्टिसोल ठेवून ठेवून पावडर तळाशी बसते. न ढवळता वापरलं तर वरच्या भागाचे ल्युअर लिबलिबीत आणि तेलकट होतात, तळच्या भागाचे कडक. कधीकधी तळाचा थर इतका घट्ट बसतो की नुसती बाटली हलवून भागत नाही, चपट्या काठीने तळ खरवडावा लागतो. ढवळल्यावर थोडा वेळ तसंच ठेवा, म्हणजे आत शिरलेली हवा वर येईल.

तापमान अंदाजाने ठरवणं

थंड प्लास्टिसोल दुधासारखं पांढरं आणि पातळ असतं. तापू लागलं की ते घट्ट होतं, गाठी धरतं, काठीला चिकटतं. इथे अनेकांना वाटतं, मिश्रण बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, पावडर द्रव शोषून घेत असते. तापवत राहिलं की ते पुन्हा पातळ होतं, पांढरेपणा जातो आणि साधारण १७५ अंश सेल्सिअसला पारदर्शक होतं. ओतायची वेळ ती. १६५ च्या खाली आलं की बारीक शेपट्या आणि पाय भरत नाहीत. १९० च्या पुढे पिवळेपणा येऊ लागतो, मग तपकिरी रंग, आणि शेवटी नाकाला झोंबणारा धूर.

अर्धवट तापलेलं प्लास्टिक साच्यातून निघतं, दिसायलाही ठीक असतं, पण ओढलं की तुटतं. ताण सहन करणारी घडण पूर्ण तापल्याशिवाय येत नाही. ल्युअर धुरकट दिसत असेल आणि त्यात मीठ किंवा पांढरा रंग नसेल, तर ते कमी तापलंय असं समजा.

मायक्रोवेव्हमध्ये सुमारे २५० मिली मिश्रण उष्णता सोसणाऱ्या काचेच्या कपात घ्या. पहिल्यांदा दीड-दोन मिनिटं, मग ढवळून ३०-३० सेकंदांचे टप्पे. एकदम पाच मिनिटं लावली तर मधला भाग करपतो आणि कडेला कच्च्या गाठी राहतात. कप काठोकाठ भरू नका. बाहेर काढल्यावर तो ओल्या किंवा गार फरशीवर न ठेवता कोरड्या लाकडावर ठेवा, नाहीतर काच तडकू शकते.

इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या थराचं तापमान दाखवतं. आधी ढवळा, मगच मोजा. आत बुडवायचं थर्मामीटर जास्त भरवशाचं.

पुन्हा पुन्हा तापवलेलं प्लास्टिक दर वेळी थोडं पिवळं पडतं. हीट स्टॅबिलायझरच्या काही थेंबांनी हे लांबतं, पण करपलेलं पुन्हा स्वच्छ होत नाही. पिवळं पडलेलं गडद तपकिरी किंवा काळ्या ल्युअरसाठी ठेवा.

धूर आणि पाणी हलक्यात घेणं

या कामातली गंभीर चूक हीच, बाकी सगळ्यांत फार तर प्लास्टिक वाया जातं. करपणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो डोळे, नाक आणि फुप्फुसांना जाळतो. कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. सेंद्रिय वाफा आणि आम्लवायू या दोन्हींसाठीचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. काम शक्यतो बाहेर करा. आत करायचंच असेल तर धूर बाहेर फेकणारा पंखा हवा, खोलीतच हवा फिरवणारा नको. ज्यात अन्न गरम करता तो मायक्रोवेव्ह आणि ती भांडी या कामाला वापरू नका.

१७५ अंशांच्या द्रवात पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि प्लास्टिक उसळून अंगावर येतं. पाण्यात विरघळणारे खाण्याचे रंग इथे चालत नाहीत ते याचमुळे. लांब बाह्या, बंद बूट, चष्मा आणि उष्णतारोधक हातमोजे घाला. अंगावर पडलंच तर चिकटलेलं ओढून काढू नका, त्वचाही निघते. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा आणि डॉक्टरांकडे जा. मायक्रोवेव्हमध्ये धूर दिसला तर तो बंद करा आणि दार उघडू नका. पेट घेतलेल्या प्लास्टिकवर पाणी ओतू नका.

रंग, चमकी, मीठ

कपातला रंग गडद वाटतो, पातळ शेपटीत तो फिका उतरतो. म्हणून थेंबभर पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. फ्लोरोसेंट रंग उष्णतेला नाजूक असतात, ते शेवटी घाला. चमकी उष्णता सोसणारीच हवी. साध्या चमकीचा रंग सुटतो आणि तुकडे आक्रसतात.

मीठ बारीक दळलेलं आणि कोरडं घ्या, २५० मिलीला २-३ मोठे चमचे. त्याने वजन वाढतं, पण ल्युअर कमकुवत आणि धुरकट होतं. मीठ आणि चमकी दोन्ही तळाशी बसतात, त्यामुळे प्रत्येक ओतण्याआधी हळू ढवळा. जोरात ढवळलं की बुडबुडे आलेच.

साच्यात बिघडणारं

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वरून कोरडा वाटला तरी आत ओल असते. ती वाफ होऊन ल्युअरला छिद्रं पाडते. साचा पूर्ण वाळवा आणि इपॉक्सीचा पातळ लेप द्या. ॲल्युमिनियमचा साचा गार असेल तर ल्युअरवर लाटांच्या रेषा उमटतात. पहिली एक-दोन ओतणी साचा गरम करण्यासाठीच धरा, ते ल्युअर पुन्हा कपात जातील.

पोटावरचा खड्डा म्हणजे थंड होताना आक्रसलेलं प्लास्टिक. उघड्या साच्यात थोडं वर येईपर्यंत भरा आणि बसलं की लगेच वरून थेंब टाका. इंजेक्टर (साच्यात प्लास्टिक दाबून भरायची पिचकारी) असेल तर भरल्यावर तोंडाशी १०-१५ सेकंद दाब धरून ठेवा. दुरंगी ल्युअरचे थर सुटत असतील तर दुसरा रंग उशिरा पडलाय किंवा गार पडलाय. पहिला थर जेमतेम धरला की दुसरा पूर्ण गरम ओता, आणि मधल्या पृष्ठभागाला तेल लागू देऊ नका.

घाईने काढलेलं ल्युअर वाकतं. सपाट पृष्ठभागावर सरळ ठेवून थंड करा. वाकलेलं असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सरळ करता येतं.

ठेवताना

फार मऊ, चिकट ल्युअर म्हणजे बहुधा सॉफ्टनर (प्लास्टिक मऊ करायला घालायचा द्रव) जास्त झालं. २५० मिलीला १५ मिलीपासून सुरुवात करून चाचणी ल्युअर ओता, मगच वाढवा. गडद आणि फिके ल्युअर एका पिशवीत ठेवले तर रंग एकमेकांत उतरतात. टीपीईचे ल्युअर पीव्हीसीच्या ल्युअरना टेकून राहिले तर दोन्ही वितळून एक होतात. कडक पारदर्शक पॉलिस्टायरीनचे डबेही प्लास्टिसायझरने मऊ पडतात, म्हणून पॉलिथिनच्या पिशव्या वापरा.