पळताना ठोके वाढतात? या चुका टाळा

नव्याने पळायला लागलेली माणसं मला स्मार्टवॉचचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "एवढे ठोके बरोबर आहेत का?" नुसत्या आकड्यावरून याचं उत्तर देता येत नाही. व्यायामात ठोके वाढणारच. पायांच्या स्नायूंना जादा रक्त लागतं आणि ते पुरवायला हृदय जोरात आणि भरभर चालतं. पाहायचं ते असं, की त्या वेळी तुम्हाला कसं वाटत होतं आणि थांबल्यावर ठोके किती लवकर उतरले.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मनगटावरचा आकडा डोळे मिटून खरा मानणं. डिसेंबरात आम्ही साताऱ्याला यवतेश्वर घाटात सरावाला गेलो होतो. पहाटेची वेळ, हात गारठलेले. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाट रस्त्यावरच आमच्यातले एक पन्नाशीला आलेले काका थांबले. चेहरा उतरलेला. घड्याळात १७६. आता पन्नाशीच्या माणसाला १७६ म्हणजे जवळजवळ कमाल मर्यादा. तिथे तोंडातून धड दोन शब्द निघत नाहीत, आणि हे काका तर एका क्षणापूर्वीपर्यंत मुलीच्या बारावीच्या क्लासबद्दल मला सविस्तर सांगत होते. मी लगेच त्यांच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि १५ सेकंद मोजले. ३३ ठोके, म्हणजे मिनिटाला १३२.

मग १७६ आले कुठून? ती त्यांची पावलं होती. ही घड्याळं त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा चढउतार टिपतात. थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यात पट्टा सैल असेल तर खरा ठोका सापडत नाही, आणि घड्याळ हाताच्या हिंदकळण्याची लय पकडतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात, म्हणून हा खोटा आकडा अगदी खरा वाटतो. आणि तो बघून माणूस घाबरला की भीतीने खरे ठोकेही वाढतात.

माझी सवय सांगतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट. आकडा विचित्र वाटला की थांबल्या थांबल्या बोटांनी १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. पूर्ण मिनिट मोजू नका, कारण तेवढ्यात ठोके उतरायला लागलेले असतात. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. ज्यांना ठोके बघूनच सराव करायचा आहे त्यांनी छातीवर बांधून ठोके मोजणारा पट्टा घ्यावा.

दुसरी चूक मला खरोखर काळजीत टाकते. जीव तोडून पळायचं आणि संपल्या क्षणी कट्ट्यावर बसायचं. पळताना पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावत रक्त वर ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबलात की हे ढकलणं बंद होतं, रक्त पायांतच साचतं, रक्तदाब पडतो. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं आणि माणसाला वाटतं, हार्टला काहीतरी झालं. शेवटची पाच ते दहा मिनिटं चालायचं, यात सूट नाही. "ऑफिसला उशीर होतो" हे मी ऐकून घेत नाही. उशीर होत असेल तर एक किलोमीटर कमी पळा.

ठोके उतरण्याचा वेग मात्र जरूर बघा. १९९९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरतात, त्यांना पुढे धोका जास्त असतो. घरी यावरून स्वतःचं निदान करू नका. पण महिन्यामागून महिना तुमचा आकडा सुधारतोय का, हे समजायला याच्याइतकं सोपं साधन नाही.

२२० वजा वय हे कमाल ठोके काढायचं सूत्र दगडावरची रेघ मानू नका. एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चा फरक सहज असतो.

मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये, विशेषतः मुंबईच्या दमट हवेत, वेग तोच ठेवला तरी अर्ध्या पाऊण तासाने ठोके चढत जातात. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, बरंचसं रक्त अंग थंड करायला त्वचेकडे जातं, त्यामुळे एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं. अशा वेळी वेग कमी करा. थंडीतला वेग उन्हाळ्यात टिकवायचा हट्ट धरणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके मुळात कमीच वाढतात. मर्यादा डॉक्टरांनाच विचारा.

सकाळी अंथरुणातच नाडी रोजच्यापेक्षा दहाएक ठोके जास्त लागली, तर त्या दिवशी आराम. झोप झालेली नसते किंवा ताप येऊ घातलेला असतो. तापात आणि तापानंतर लगेच जोरात पळणं हा निव्वळ अविचार आहे, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

बायकांना एक आग्रहाने सांगतो. हळू पळूनही ठोके चढत असतील आणि धाप लागत असेल, तर "स्टॅमिना नाही" म्हणून स्वतःला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. थायरॉईडही तपासून घ्या.

जोरदार व्यायामानंतर तासाभराने ठोके नेहमीपेक्षा थोडे जास्त असणं चालतं. पण छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, पळता पळता चक्कर येऊन पडणं, विश्रांतीतही न थांबणारी धडधड, एक ठोका चुकतोय असं वाटणारी वेडीवाकडी लय, यातलं काहीही झालं तर सराव तिथेच बंद. छातीत दाब किंवा कळ असेल, माणूस पडला असेल, तर १०८ ला फोन करा आणि त्याला स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका. बाकीची लक्षणं असणाऱ्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढावा. घरात कुणी कमी वयात अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता तेही त्यांना सांगा.