ऊसतोड कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हंगाम कसा आखावा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून आणि पाथर्डीसारख्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात व मार्च-एप्रिलच्या आसपास परततात. या कुटुंबांसाठी काम करू पाहणाऱ्या बहुतेक नव्या संस्था कामाची सुरुवात फडावर (ऊसतोडीच्या शेतावर), म्हणजे तेथे कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहिल्यानंतर, ब्लँकेट आणि खाऊ वाटून करतात. त्यात वाईट काही नाही. परंतु धान्य, शाळा, दवाखाना हे कुटुंबाचे हक्क गावच्या कागदांशी बांधलेले असल्यामुळे खरे काम गाडी भरण्यापूर्वी, भाद्रपदातच, गावात सुरू झाले पाहिजे.

पहिले काम यादीचे. कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाकडे (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे), कोणत्या कारखान्याच्या गटात जाणार आहे, सोबत किती मुले जाणार आणि मागे कोण राहणार, हे घरोघर जाऊन नोंदवावे. आधार व शिधापत्रिकेच्या मूळ प्रती संस्थेने कधीही ताब्यात घेऊ नयेत आणि गरज नसताना झेरॉक्सही साठवू नये. ज्यांचे कागद एकदा मुकादमाने किंवा सावकाराने ठेवून घेतले आहेत, त्यांना आणखी एक राखणदार नको असतो.

शिधापत्रिकेसाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवावा. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील कुटुंबाला देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे महिन्याला 5 किलो धान्य मिळते. त्याचा काही भाग फडाजवळ आणि उरलेला भाग गावी राहिलेल्या आजी-आजोबांना घेता येतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. मात्र त्यासाठी प्रत्येक सदस्याचे आधार शिधापत्रिकेशी जोडलेले आणि ई-केवायसी (यंत्रावरील ओळख पडताळणी) झालेले असावे लागते. येथे एक व्यावहारिक अडचण हमखास येते: कोयता धरून आणि पाचट ओढून बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की यंत्रावर अंगठा उठतच नाही. म्हणून गावातच सगळी बोटे लावून पाहावीत, कोणते बोट चालते ते कुटुंबाला लक्षात ठेवायला सांगावे आणि आधारशी चालू मोबाईल क्रमांक जोडलेला असल्याची खात्री करावी. फडाजवळ पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात कार्यकर्त्याने कुटुंबासोबत दुकानात जावे. ‘बाहेरच्यांचे धान्य येथे मिळत नाही’ हे उत्तर तोंडी ऐकून परत फिरू नये, तर तालुक्याच्या पुरवठा शाखेकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी.

मुलांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: शक्य असेल तेथे मूल गावातच राहावे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल हे पाहावे, कारण मंजुरी लांबली की मुले गाडीत बसून निघून जातात. जी मुले जातातच, त्यांच्यासोबत शाळेकडून शिक्षण हमी पत्रक द्यावे. फडाजवळच्या मुख्याध्यापकांनी दाखला मागितल्यास शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 5 दाखवावे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही मोठी मुलगी शाळेत न येता कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली दिसते, तेव्हा अडचण प्रवेशाची नसून पाळणाघराची आहे हे ओळखावे आणि संस्थेचा पैसा तेथे खर्च करावा.

गरोदर स्त्रियांचे माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असावे, आणि कोप्या कोठे उभ्या आहेत हे जवळच्या आशा कार्यकर्तीला व प्राथमिक आरोग्य केंद्राला संस्थेने स्वतः कळवावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची शासकीय समितीमार्फत 2019 मध्ये चौकशी झाली होती. कोणत्याही खासगी डॉक्टरने पिशवी काढण्याचा सल्ला दिल्यास आधी सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेण्याची सवय लावावी आणि त्यासाठी सोबत माणूस द्यावा.

उरतो हिशेब. उचल, म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, किती घेतली हे बहुधा फक्त मुकादमाच्या वहीत असते. प्रत्येक कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, स्वतःची वही द्यावी: घेतलेली उचल, दर खेपेचे वजन, आजारपणाचे खाडे, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वजनपावत्यांचा फोटो काढून त्यांच्याच मोबाईलमध्ये ठेवावा. मुकादमाशी पहिल्याच दिवशी भांडण काढू नये, कारण त्याचा राग संस्थेवर नाही तर टोळीवर निघतो. परंतु उचल फिटली नाही म्हणून कोणाला अडवून ठेवले, तर तो वेठबिगारी (निर्मूलन) कायदा, 1976 चा विषय होतो, आणि त्या कायद्यानुसार कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर असते. अशा वेळी जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा आणि 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मागावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि वेठबिगारीचे बळी यांना ती उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये, आणि पोचेची एक प्रत अडवलेल्या कुटुंबाच्या गावातील नातेवाइकांकडे ठेवावी.